ठेवू की काढू?

चाळीस वर्षं मी कपाळांवर पोट भरलं. दातांचा डॉक्टर तोंडावर भरतो, चपलावाला पायांवर. आमचा धंदा फोटोचा, आणि चेहऱ्यावरची सगळ्यात मोठी मोकळी जागा म्हणजे कपाळ. नवरीच्या फोटोत तिथे टिकली असते, विद्यार्थ्याच्या फोटोत केस येतात. पण निवडणुकीच्या उमेदवाराच्या कपाळावर काय असावं आणि काय नसावं यावर मी जेवढी चर्चा ऐकली, तेवढी नळाच्या पाण्यावर आमच्या वॉर्डात कधी झालेली नाही. आणि पाणी तर गढूळ येतं.

स्टुडिओ ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून पाच मिनिटांवर, एका साडीच्या दुकानाच्या वर. जिना इतका उभा की गिऱ्हाईक वर पोचतं तेव्हा लालबुंद झालेलं असतं, आणि फोटो पाहून मलाच विचारतं, "भाऊसाहेब, रंग असा का आला?" स्टुडिओचं नाव देत नाही. देण्यासारखं काम केलं असतं तर दिलं असतं.

आम्ही दोघं. फोटो मी काढायचा, आणि तो बघण्यासारखा उस्तादने करायचा. उस्ताद म्हणजे इस्माईल, आमचा रिटचिंगवाला. जुन्या काळी हे काम निगेटिव्हवर पेन्सिलीने चालायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलट, काळं ते पांढरं. म्हणजे गालावरची पुटकुळी तिथे फिकट ठिपका होऊन बसते. खालून दिवा लावायचा, डोळ्याला भिंग, आणि टोकदार पेन्सिलीने तो ठिपका इतक्या हलक्या हाताने भरायचा की छापल्यावर गाल गालासारखा दिसावा, गिलावा केल्यासारखा नाही. लष्करातल्या निम्म्या मराठी मुलींची लग्नं उस्तादच्या पेन्सिलीने जमवली. पुढे कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याने पेन्सिल ठेवून माउस धरला. हात तोच राहिला.

उस्तादचा एक नियम होता. तो मला शिकवायला त्याला एक दिवस लागला आणि मोडायला मला दहा मिनिटं लागली. पुटकुळी, उन्हाचा चट्टा, रात्रभर जागलेल्या नवरदेवाचे डोळे, जे आठवड्याभरात आपोआप जाणार ते न विचारता काढायचं. तीळ, देवीचे व्रण, जन्मखूण, जे माणसाबरोबर जाणार त्याला हात लावण्याआधी माणसाला विचारायचं: "ठेवू की काढू?" आयाच उत्तर द्यायच्या, "काढा, काढा!" उस्ताद मान मुलीकडे वळवून थांबायचा. तिने सांगितल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही.

तो माझ्याशी मराठीत बोलायचा, आमच्या ग्वाल्हेरी मराठीत. मला तो 'पंडत' म्हणायचा. गायत्री मंत्र मी मुंजीनंतर लवकरच विसरलो हे त्याला माहीत होतं, तरीही. रागावला की मात्र हिंदीत शिरायचा. फार रागावला की 'आप' म्हणायचा. माझ्याशी तो 'आप'वर तीस वर्षांत एकदाच गेला. ते सांगण्यासाठीच हा लेख आहे, पण आधी थोडी फुशारकी मारू द्या.

निवडणूक आली की जिन्यावर गर्दी व्हायची. एका हिंदी भाषक उमेदवाराला मराठी मतं हवी होती. आमच्याकडे लग्नाच्या फोटोंसाठी शिंदेशाही पगडी असते, ती मी त्याच्या डोक्यावर चढवली. एका हाताने फोनवर बोलत असल्यामुळे ती उलटी चढली. पोस्टरं लागल्यावर गणेशोत्सवाच्या मंडपात आमची म्हातारी मंडळी पोट धरून हसली, उमेदवार पुढे निघालाय आणि पगडी मागे! मी चार दिवस बाड्यावरून जाताना तोंड लपवत होतो. तो निवडून आला. लोक पगडी बघतात, तिचं तोंड कुठे आहे ते बघत नाहीत, एवढं मला तेव्हा कळलं. त्यावरून पुढे जे कळायला हवं होतं ते कळलं नाही.

मग बबलू भैया. पार्षद व्हायचं होतं, म्हणजे तुमच्याकडचा नगरसेवक. खुर्चीत बसून म्हणाले, "पंडितजी, ऐसा फोटो खींचो कि भक्त भी लगूँ और विकास भी लगे." त्यांच्यासाठी मी टिळ्याचे तीन नमुने केले: बारीक, मध्यम आणि शेवटच्या आठवड्याचा. मतदान जवळ येतं तसा टिळा रुंद होत जातो, हे धंद्यातलं ज्ञान आहे. नाल्यापलीकडच्या मुसलमान मोहल्ल्यासाठी चौथा नमुना, टिळ्याशिवाय. कॉम्प्युटरवर टिळा वेगळ्या थरात ठेवता येतो. बटण दाबलं की लागला, दाबलं की निघाला. मला तर खेळच मिळाला.

"तू ही कामं कर, मला देऊ नको," उस्ताद म्हणाला.

"का रे? तुझ्या नियमात बसतं. त्यांनीच सांगितलंय काढायला."

"त्यांनी सांगितलं ना? मग ठीक आहे," असं म्हणून तो एका आजीच्या पेन्शनच्या फोटोकडे वळला.

त्या आजी म्हणजे आप्टे काकू. गोरखीजवळ राहायच्या, दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी फोटो काढायला जिना चढून यायच्या, आणि वर पोचल्यावर "आता दाखला लागेल असं वाटत नाही" म्हणायच्या. उस्तादवर त्यांचा जीव. कारण उस्तादला एक वेड होतं. वॉर्डात कुठे गटार तुंबलं, झाकण फुटलं, खड्डा पडला की हा कॅमेरा घेऊन जायचा, फोटो काढायचा, मागे तारीख आणि पत्ता लिहायचा आणि अर्ज जोडून महापालिकेतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवून यायचा. उत्तर येईपर्यंत दर सोमवारी नवा फोटो. चेहऱ्यांवरचे खड्डे बुजवणारा हा माणूस रस्त्यावरच्या खड्ड्याला रिटचिंगचा स्पर्श होऊ देत नसे.

काकू त्याला म्हणाल्या, "इस्माईल, तू फोटोच काढत बसून राहशील का? स्वतः उभा राहा ना. तुझ्याशिवाय त्या नाल्यापाशी जातं कोण?"

मी हसलो. उस्ताद हसला नाही. आठवड्याने तो म्हणाला, "पंडत, मी फॉर्म भरून येतो."

अपक्ष. मी स्वतःला प्रचारप्रमुख नेमलं. दुसरा अर्ज कुणाचाच नव्हता.

घरोघर गेलो, आणि तिथे मला पहिल्यांदा 'पण' भेटला. आमच्या मराठी मंडळींत उस्तादबद्दल वाईट शब्द कुणाच्या तोंडी नाही. "देवमाणूस हो. पण घरात म्हातारी माणसं आहेत, त्यांना चालेल का?" म्हातारी माणसं म्हणाली, "आम्हाला काय करायचंय? पण आजकालची मुलं ऐकत नाहीत." मुलं म्हणाली, "अंकल, हमको तो कोई दिक्कत नहीं, पण मम्मी-पप्पा..." अख्ख्या गल्लीत एकाही माणसाला उस्तादच्या धर्माची अडचण नव्हती. अडचण नेहमी शेजारच्या खोलीत असायची, आणि त्या खोलीत गेलं की ती पुढच्या खोलीत सरकलेली असायची.

नाल्यापलीकडे गेलो. तिथे 'पण'चा 'पर' झाला होता, एवढंच. "इस्माईल भाई अपने आदमी हैं, पर मराठों में बैठ-बैठके आधे मराठा हो गए." दुसरा म्हणाला, "देंगे तो उन्हीं को, पर वो जीतेंगे थोड़ी. वोट खराब करने से क्या फायदा?" म्हणजे इकडच्यांना तो पूर्ण मुसलमान वाटत होता आणि तिकडच्यांना अर्धा. अशा माणसाचा फोटो कसा काढायचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

तरीही मला वाटलं, गल्लीतले 'पण' आपण जिंकू शकतो. फक्त थोडं काम करावं लागेल. कुठे? तर कपाळावर.

उस्तादच्या कपाळावर घट्टा होता. नमाजात कपाळ टेकून टेकून पडतो तसा, काळसर, रुपयाएवढा, मधोमध. परच्यासाठी, म्हणजे प्रचाराच्या पत्रकासाठी, फोटो मी काढला आणि नेहमीप्रमाणे त्याच्याकडे सरकवला. त्याने तो परत माझ्याकडे ढकलला.

"हा तू कर. स्वतःचा चेहरा स्वतः कुणी करत नाही. हात थरथरतो."

एवढं बोलून तो नाल्याचा फोटो काढायला निघून गेला. निवडणुकीच्या धामधुमीतही त्याचा सोमवार चुकत नव्हता.

मी बसलो. डोळ्यांखालचा थकवा काढला, तो आठवड्यात जाणारा होता. दाढी जरा नीट केली. मग त्या घट्ट्यापाशी येऊन थांबलो. खरं सांगायचं तर फार थांबलो नाही. मनात म्हटलं, हा एवढा एक ठिपका नसला तर गल्लीतल्या निम्म्या घरांना तो नुसता उस्ताद दिसेल. बबलू भैयांचा टिळा मी दिवसातून दहादा लावतो-काढतो, मग हा काढायला काय हरकत? दहा मिनिटांत कपाळ कोरं झालं. कडा कुठे कळत नव्हत्या. मी स्वतःवरच खूश झालो. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आपले उस्ताद', आणि खाली, मुंगीला चष्मा लागेल इतक्या बारीक अक्षरांत, पूर्ण नाव. परचे छापले आणि उस्तादला दाखवण्याआधी दोन्हीकडे वाटून टाकले. वेळ कमी होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पहिली प्रतिक्रिया आप्टे काकूंची. परचा हातभर लांब धरून त्यांनी पाहिला. "हा कोण?"

"काय काकू, आपला इस्माईल!"

"इस्माईलसारखा दिसतो खरा," त्या म्हणाल्या, "पण हा माणूस लबाड वाटतो. काहीतरी लपवून राहिलाय."

दुसरी प्रतिक्रिया संध्याकाळी आली. मी जेवायला बसलो होतो. सून मोबाइल घेऊन आली. "बाबा, हे देखो ना, वॉर्डच्या ग्रुपवर कुणीतरी दोन फोटो बाजूबाजूला टाकलेत. एक उस्तादकाकांचा ईदचा, एक तुमचा परचा. सब लोग लिख रहे हैं."

मोहल्ल्यातून लिहिलं होतं: 'वोट के लिए सजदे का निशान मिटवा लिया.' खाली हात जोडलेली, डोळे मिटलेली चित्रं. मग बबलू भैयांनी स्वतः लिहिलं: 'जो अपने मज़हब का न हुआ, वो वॉर्ड का क्या होगा?' आणि त्याखाली आमच्या गल्लीतली मंडळी, तीच, परवापर्यंत ज्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना उस्तादचा धर्म चालणार नव्हता: 'अगदी बरोबर. माणसाने स्वतःच्या धर्माशी तरी प्रामाणिक असावं.'

मी ताट बाजूला सारलं. तोवर उस्ताद मुसलमान असल्यामुळे मतं जात होती. आता तो पुरेसा मुसलमान नसल्यामुळे जाऊ लागली. आणि हे सगळं एका दुपारी, एका माउसने, मी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी उस्ताद नेहमीच्या वेळेला आला. चप्पल काढली, पाणी प्यायला, जुन्या लाइट-बॉक्सचा दिवा लावला, त्यावर परचा ठेवला आणि डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत बसला. सगळ्या कडा तपासल्या.

"हाथ अच्छा है," तो म्हणाला. "जोड़ नहीं दिखता."

मी परचा उचलायला हात पुढे केला.

"पंडितजी, आपने पूछा नहीं."

तीस वर्षांत पहिल्यांदा 'आप'. पंडतचाही पंडितजी झाला होता. मी काहीतरी बोलायला लागलो, मतं, गल्ली, म्हातारी माणसं. त्याने हात वर करून थांबवलं.

"मेरे वालिद के भी ठीक इसी जगह था. जब मेरे निकला, तो अम्मी ने हाथ लगाकर देखा था. कल इशा की नमाज़ में मेरे बगल की जगह खाली रही. चालीस साल से जिसके साथ खड़ा होता हूँ, वो पीछे की सफ़ में जाकर खड़ा हो गया." भिंग त्याने डब्यात ठेवलं. "चुनाव जाए भाड़ में. वो जगह मुझे वापस चाहिए."

"मी जाऊन सांगतो," मी म्हणालो.

"जाइए," तो म्हणाला. 'जा' म्हणाला असता तर मी कदाचित टाळाटाळ केली असती.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मशिदीसमोरच्या चहाच्या हॉटेलात गेलो. सगळी मंडळी बाकांवर बसली होती. ग्वाल्हेरात जन्म गेला तरी माझी हिंदी अशा वेळी पायात पाय घालते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "भाईसाहब, वो निशान इस्माईल ने नहीं, मैंने मिटाया. उसको मालूम भी नहीं था."

मशिदीचे जुने खजिनदार बसले होते, पांढरी दाढी, हातात बशी. त्यांनी विचारलं, "क्यों मिटाया?"

"वोट के लिए."

"किसके वोट?"

"हमारे लोगों के."

"मिले?"

"नहीं जी. आपके भी गए."

मग खजिनदारांच्या बशीतला चहा हलला, आणि ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत. सगळं हॉटेल हसलं. मीही हसणार होतो, पण कोपऱ्यातला एक माणूस हसत नव्हता. उस्तादच्या शेजारची जागा सोडून गेलेला तो हाच, हे मला मागाहून कळलं. तो उठून माझ्याजवळ आला. "आप उसके दोस्त हो?"

"तीस साल से."

"तो दोस्त, फिर से छापो. जैसा है वैसा."

पुन्हा छापले. घट्टा जिथल्या तिथे, नाव मोठं. या वेळी आधी उस्तादला दाखवले. त्याने मान डोलावली. त्या रात्री मशिदीत त्याच्या शेजारची जागा भरली, हे मला त्याच्या मुलाकडून कळलं. उस्ताद मला ते सांगणार नव्हता.

निवडणूक आम्ही हरलो. तिसरे आलो. बबलू भैया शेवटच्या आठवड्याच्या टिळ्यावर निवडून आले, आणि तो टिळा माझ्याच कॉम्प्युटरमधून गेला होता, हे मी कुणाला सांगायला गेलो नाही. निकालानंतर आप्टे काकू जिना चढून आल्या. कसलाही दाखला नको होता. उस्तादसमोर बसून म्हणाल्या, "इस्माईल, मी तुला उभं केलं आणि मी तुला मत दिलं नाही. बोट तुझ्याच बटणावर होतं रे. मग वाटलं, सगळे तिकडेच देऊन राहिलेत, माझं एकटीचं वाया जाईल."

मला वाटलं, उस्ताद हिंदीत शिरणार. तो म्हणाला, "काकू, पाणी प्या. जिना चढून आलात." मग थोड्या वेळाने, "तुमच्या गल्लीतल्या गटाराचं झाकण बसलं का?"

"नाही ना."

"सोमवारी येतो."

तेव्हापासून आमच्या वॉर्डात हीच व्यवस्था आहे. पार्षद बबलू भैया, आणि तक्रार घेऊन यायची ती आमच्या जिन्यावर. मतं कपाळ बघून पडली, पण गटार तुंबलं की लोकांना बरोबर आठवतं कुठे जायचं. हल्ली बबलू भैयासुद्धा कुणी नाल्याबद्दल विचारलं की सांगतात, "उस्ताद से फोटो खिंचवाकर अर्ज़ी लगवा दो."

उस्ताद मात्र माझ्याशी हिंदीतच बोलत राहिला. सगळं नीट, सभ्य, 'आप' लावून. "पंडितजी, ये प्रिंट देख लीजिए." "पंडितजी, आपकी चाय." मराठी गेली ती गेली. दोन दिवाळ्या गेल्या. माझ्या चुका मी आयुष्यभर लोकांना सांगून हसवत आलो, ही मी त्या चहाच्या हॉटेलानंतर कुणाला सांगितली नव्हती. सांगितली की हसतात, आणि हसले की मला ती माफ झाल्यासारखी वाटते. ही तशी माफ करून घ्यायची नव्हती.

या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, लेख पाठवा आणि सोबत फोटो. मी उस्तादसमोर स्टुलावर बसलो. या वेळी कॅमेरा त्याने धरला. फोटो पडद्यावर आला आणि मी दचकलो. माझ्या कपाळावर, जवळजवळ मधोमध, एक काळसर डाग. वय झालं की येतात तसा. घरच्या आरशात मी तो रोज पाहत असेन, पण फोटोत पाहिला तेव्हा दिसला. दूधवाला परवा हसून काय म्हणाला होता तेही मग लक्षात आलं: "क्या बात है पंडितजी, नमाज़ शुरू कर दी?"

उस्तादने डोळ्यांखालची सूज काढली. दाढीचे खुंट साफ केले. गळ्याच्या वळ्या थोड्या कमी केल्या, थोड्या राहू दिल्या. मग माउस त्या डागापाशी नेऊन थांबवला, आणि माझ्याकडे मान वळवून थांबला. बराच वेळ.

"हा आता तुझ्याबरोबर जाणार, पंडत," तो म्हणाला. "ठेवू की काढू?"

संपादक महाशयांना विनंती: सोबतच्या फोटोत कपाळावर जो डाग आहे तो छपाईचा दोष समजून कुणी पुसू नये. मला विचारून ठेवलेला आहे.